कारखानिसांचा क्लोरीन

माणसाने कशाकशाला भ्यावं याला काही धरबंध असतो, पण तो सुधीर कारखानिसांना कुणी सांगितलेला नव्हता. ते पालीला भीत, साहेबाला भीत, दारात तारवाला दिसला की न वाचताच रडवेले होत, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त भीत ते सामान्य विज्ञानाला. पालीचं एकवेळ समजू शकतं, ती अंगावर पडते. विज्ञान सहसा कुणाच्या अंगावर पडत नाही. कारखानिसांच्या ते पडलं, आणि पडताना डोंबिवली पश्चिमेच्या प्रभात सोसायटीतली सोळाच्या सोळा बिऱ्हाडं बरोबर घेऊन पडलं. साल पंच्याऐंशी, मार्चचा तिसरा रविवार.

कारखानीस ठाण्याला एका सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं कारकून होते. हेडक्लार्क व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हावी लागे. तिचे पेपर चार. नियम, टिपणी आणि मसुदा हे तीन कारखानीस झोपेतसुद्धा सोडवतील. चौथा सामान्य विज्ञानाचा. फायलींवर जावक क्रमांक टाकणाऱ्या माणसाला बेडकाच्या हृदयाचे कप्पे मोजता आले पाहिजेत असं कधीतरी कुणाच्या तरी मनात आलं होतं, आणि सरकारात मनात आलेली गोष्ट पुन्हा बाहेर जात नाही. पास व्हायला चाळीस मार्क हवेत. कारखानिसांना पहिल्या खेपेला एकतीस पडले, दुसऱ्या खेपेला अडतीस. बाकीचे तीन पेपर सुटलेले, हा एकच राहिलेला, आणि खेपा एकूण तीनच. तिसऱ्यांदा गचकलं की यादीतून नाव कायमचं कमी.

मग ती खुर्ची जाणार होती भगवान म्हात्रेला. भगवान त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. कागदाला टाचणी कुठे टोचायची हे त्याला कारखानिसांनीच शिकवलेलं. तो त्यांना ‘काका’ म्हणे, डब्यातला लाडू अर्धा करून देई. म्हणजे मुलगा अगदी चांगला होता, आणि हेच वाईट होतं. दुष्ट माणूस डोक्यावर बसला तर निदान घरी येऊन त्याला शिव्या तरी घालता येतात.

परीक्षेच्या फॉर्मवर फोटो लागे आणि फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. कचेरीत राजपत्रित असे एकच, ते म्हणजे साहेब. कारखानीस चार दिवस साहेबांच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आले. पाचव्या दिवशी साहेबांनी स्वतःच त्यांना आत ओढलं आणि सही ठोकली, ती थेट चेहऱ्यावर. त्यामुळे फोटोतल्या माणसाला मिशी आहे की ती साहेबांच्या आडनावाची वेलांटी आहे, ते सांगणं कठीण झालं. दुसरा फोटो लावायचा तर पुन्हा साहेबांकडे जावं लागणार होतं. कारखानिसांनी तोच पाठवला.

परीक्षेची बातमी सोसायटीत पसरली तसे सल्ले यायला लागले. पहिल्या मजल्यावरून निरोप आला की रोज सात बदाम भिजवून खा. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कळवलं की बदामाने काही होत नाही, पहाटे उठा. त्यांच्या शेजाऱ्यांच्या मते पहाटे उठणं हेच नापास होण्याचं मूळ होतं. तळमजल्यावर प्रमोदिनीबाई दिघे राहत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झालेल्या, म्हणजे शाळेपुरत्या. त्यांनी सल्ला वगैरे दिला नाही. रोज संध्याकाळी सातला गाईड घेऊन यायचं, एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून त्रेचाळीस वर्षांचे कारखानीस बाईंच्या खुर्चीसमोर उभे राहून धडा म्हणू लागले. बाई बसायला सांगत, पण कारखानिसांना बसवत नसे. बाईंच्या हाताशी एक लाकडी पट्टी असे. ती त्यांनी कधी उचलली नाही, हा भाग वेगळा.

आणि ठाण्याच्या फुटपाथवर घेतलेलं ते गाईड. त्यात प्रश्न एका ओळीचे, उत्तरं एका ओळीची, आणि दर तिसऱ्या उत्तरात कुणीतरी मरत होतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास काय होते? गुदमरून मृत्यू. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास काय होते? विषबाधा. कारखानिसांना ही माहिती पाठ होण्याआधी पोटात जाई आणि तिथे गोळा होऊन बसे. पाठांतरासाठी त्यांनी घरभर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. कुकरवर दाब आणि उत्कलनबिंदू, आरशावर परावर्तनाचे नियम, मिठाच्या बरणीवर आयोडीन आणि गलगंड. हेमाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बरेच दिवस काही म्हटलं नाही. पण कपाळाला कुंकू लावताना समोर रोज ‘आपाती कोन’ दिसायला लागला तेव्हा त्यांनी ती एक चिठ्ठी काढून दाराच्या मागे लावली.

यात भर पडली आबांची. आबा प्रधान हे सोसायटीचे सेक्रेटरी. वृत्तीने परोपकारी, पण कागदाच्या बाबतीत फार काटकसरी. दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं, असं म्हणून त्यांनी सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘आजचे विज्ञान’ लिहायचं काम कारखानिसांच्या गळ्यात मारलं. फलक दीड हात रुंद. त्यावर वर्षभर एकच पिवळा पडलेला कागद असे, ‘जिन्याखाली सायकली लावू नयेत’. जिन्याखाली सायकली तशाच होत्या, पण नोटीस होती.

कारखानीस रोज फुलस्केप कागदावर वळणदार अक्षरात विज्ञान लिहू लागले आणि भीती घरातून बाहेर पडली. शेगडीची ओळ लागली त्या दिवशी सोळाही घरांच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि डास आत आले. पितळेची ओळ लागली तेव्हा कल्हईवाला चार दिवस फाटकाशी भाता मारत बसला. लोक जिन्यात थांबवून विचारू लागले, ‘कारखानीस, तापमापक फुटलं तर पारा कुठे टाकायचा?’ आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी काही विचारत होतं. त्यांना ते आवडलं. भिणाऱ्या माणसाला आपल्याहून भित्री माणसं भेटली की जरा बरं वाटतं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

गाईडातला वायूंचा धडा मात्र त्यांनी शेवटपर्यंत मागे ठेवला होता. भोपाळला जे झालं त्याला जेमतेम साडेतीन महिने झाले होते. डोंबिवलीत पूर्वेला रसायनांचे कारखाने, आणि वारा फिरला की कधी कुजक्या अंड्यांचा, कधी जळक्या रबराचा वास घरात येई. पूर्वी लोक नाक मुरडून खिडकी लावत. आता वास आला की बोलणं थांबे आणि सगळे एकमेकांकडे बघत. ही भीती काही कारखानिसांची एकट्याची नव्हती. त्यांनी धडा उघडला तो शुक्रवारी रात्री, आणि मिटला तेव्हा एकच ओळ डोक्यात राहिली होती. क्लोरीन: हिरवट पिवळा, तिखट वासाचा, हवेपेक्षा अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो, तरी उंच जागी जावे, तोंडावर ओले फडके धरावे.

शनिवारी सकाळी कचेरीला निघताना त्यांनी ‘क्लोरीन वायू: घ्यावयाची दक्षता’ असा भला मोठा कागद फलकावर लावला. टाचण्या कमी होत्या, म्हणून त्यांनी तो सायकलींच्या जुन्या नोटिशीवरच ठोकून दिला. वर्षभर जी नोटीस कुणी वाचली नाही ती एक दिवस झाकली तर काय बिघडतं?

आता आबांची काटकसर बघा. शुक्रवारी त्यांना एक नवी सूचना लावायची होती. त्यासाठी नवा कागद कोण फाडतो? त्यांनी सायकलींचाच कागद काढला, पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात सूचना लिहिली आणि जागच्या जागी टोचून दिला. पिवळा कागद, त्याच जागी, तसाच. कारखानिसांनी तो वाचला नाही, कारण तो त्यांना पाठ होता.

रविवारी अकराला ठाण्यात पेपर. कारखानीस सहालाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, प्रवेशपत्र खिशात ठेवून, पुन्हा काढून, पुन्हा ठेवून बसले होते. हेमाताईंनी आमसुलं भिजत घातली होती. रविवार म्हणजे मासे, मासे म्हणजे सोलकढी, परीक्षा असो नाहीतर नसो. खाली फाटकाशी खाडीवरची शेवंती कोळीण पाटी उतरवून बसली होती. आठच्या सुमाराला नळातून फस्स असा आवाज आला आणि पाणी गेलं. पाठोपाठ हेमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अहो, हा कसला वास येतोय?’

कारखानिसांनी हुंगलं. तिखट. त्यांनी दार उघडलं. वास जिन्यात होता, आणि स्पष्टपणे वरून खाली येत होता, म्हणजेच जड होता. रंग हिरवट पिवळा आहे का तेवढं बघायचं राहिलं. पण आबांनी जिन्याला स्वस्तात मिळालेला हिरवट पिवळाच रंग दिला होता, त्यामुळे ते काही ठरवता येईना. नळाचं पाणी गेलंच होतं, आता तोंडचंही पळालं. आपण काल लिहितो काय आणि आज होतं काय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. त्यांना भोपाळचे वर्तमानपत्रातले फोटो आठवले.

पण मान्य करायला हवं, त्या क्षणी कारखानीस पळाले नाहीत. त्यांना आधी आठवल्या त्या तळमजल्यावरच्या प्रमोदिनीबाई, कारण वायू आधी तळमजला भरतो. ते दारं ठोठावत, ‘क्लोरीन, क्लोरीन’ असं ओरडत खाली धावले. लोकांनी फलक वाचलेलाच होता. कोणता वायू, काय करायचं, कुणालाही विचारावं लागलं नाही. बाई दाढेखाली लवंग धरून खुर्चीत बसल्या होत्या. कारखानिसांचा चेहरा बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘हवेपेक्षा जड की हलका?’

‘जड, बाई. अडीचपट.’

‘मग इथे काय उभे आहात? गच्चीवर.’

बाईंचे गुडघे दोन वर्षांपासून जिना चढत नव्हते. चौघांनी त्यांना वेताच्या खुर्चीसकट उचललं. ओलं फडकं हवं होतं, पण सोसायटीत थेंबभर पाणी नव्हतं. कुणीच भरून ठेवलं नव्हतं, कारण कुणाला सांगितलंच नव्हतं. ओलं असं एकच होतं, हेमाताईंचं आमसुलाचं पातेलं. त्यात सोळा घरांचे रुमाल, पंचे, ओढण्या बुडल्या, आणि लालभडक तोंडाची ती मिरवणूक चार मजले चढायला लागली. मुलं रडत होती. एका घरातून देव घेतले गेले, एकातून दागिन्यांचा डबा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नवा कोरा टीव्ही उचलून दोन पायऱ्या आणला आणि तिथेच ठेवला, त्यामुळे मागच्यांना तो ओलांडून यावं लागलं. हेमाताई एका हाताने नवऱ्याचा शर्ट धरून चालत होत्या. एरवी त्या चारचौघांत असं करीत नसत.

जसजसं वर जावं तसतसा वास वाढत होता. हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं, पण बोलणार कोण? अखेर खुर्चीतून बाईंचा आवाज आला. ‘कारखानीस, जड वायू वर कसा चढतो?’

कारखानीस मागे न बघता म्हणाले, ‘बाई, हा प्रश्न गाईडात नाही.’

गच्चीचं दार त्यांनीच ढकललं. डोळ्यांतून पाणी यावं इतका वास भपकन अंगावर आला. समोर पाण्याची टाकी उघडी. तिच्यात दोन माणसं खराटे घेऊन उतरलेली. बाजूला अर्धं रिकामं झालेलं ब्लीचिंग पावडरचं पोतं, आणि पोत्यापाशी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आबा प्रधान उभे. पोतं त्यांना निम्म्या किमतीत मिळालं होतं, म्हणून ते चौपट वापरत होते. आबांनी वळून पाहिलं तो तोंडाला लाल फडकी बांधलेली पन्नास माणसं, सगळ्यांत पुढे इस्त्रीच्या शर्टातला एक, आणि मधोमध खुर्चीत उचललेली एक म्हातारी. आबांनी हातातला खराटा टाकला आणि दोन्ही हात वर केले. किल्ल्या कंबरेला आहेत एवढंच ते म्हणाले.

मग कुणीतरी फडकं खाली घेतलं, ओळख पटली, आणि आबांचा आवाज परत आला. टाकी धुणार म्हणून परवाच नोटीस लावली होती, तुम्ही लोक वाचत का नाही, असं ते विचारू लागले. पन्नास माणसं पुन्हा चार मजले उतरून फलकापाशी आली. टीव्ही पुन्हा ओलांडला. आबांनी क्लोरीनची दक्षता वर उचलली. खाली पिवळ्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: रविवारी सकाळी आठ ते दहा टाकी स्वच्छ करण्यात येईल, पाणी भरून ठेवावे, औषधाचा वास आल्यास घाबरू नये.

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळे एकदा कागदाकडे बघत आणि एकदा कारखानिसांकडे. जिन्यात थांबवून ज्यांनी त्यांना पाऱ्याबद्दल विचारलं होतं ते गृहस्थ आपले देव घेऊन वर गेले. बाई तेवढ्या म्हणाल्या की पोरांनो, मला आता घरात ठेवा, आणि कारखानिसांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

एवढ्यावर निभावलं असतं तर ते कारखानीस कसले? प्रभात सोसायटीच्या गच्चीवर लाल फडक्यांची गर्दी बघून समोरच्या दोन इमारतीही आपापल्या गच्चीवर चढून बसल्या होत्या, आणि तिथून कुणीतरी चौकीला फोन केला होता. पावणेनऊला हवालदार मारुती साळुंखे सायकलवरून आले. सायकल जिन्याखाली लावली आणि अफवा कोणी उठवली ते विचारलं. एकूणएक बोटं एका दिशेला वळली. हवालदारांनी फाटकाशी स्टूल मागवलं, मांडीवर वही ठेवली आणि जबाब लिहायला घेतला. पूर्ण नाव. वडिलांचं नाव. वय. मूळ गाव. अक्षर चांगलं होतं, म्हणून वेळ लागत होता.

‘वायू तुम्ही प्रत्यक्ष पाहिलात?’

‘नाही.’

‘मग रंग हिरवट पिवळा हे कसं सांगता?’

‘पुस्तकात आहे.’

हवालदारांनी ‘पुस्तकात वायू आहे’ असं लिहून घेतलं आणि पुस्तक जप्त करावं लागेल म्हणाले. साडेनऊ वाजले. कारखानिसांना आता परीक्षेची भीती वाटायची बंद झाली होती, कारण परीक्षा मिळणारच नाही अशी खात्री पटत चालली होती, आणि त्या विचाराने त्यांना आत कुठेतरी हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच मग त्यांना भिववायला लागलं.

तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला. ‘मारुती, लिहा. वास पाण्याच्या टाकीच्या औषधाचा. कुणाची काही तक्रार नाही. खाली मी सही करते, प्रमोदिनी दिघे, निवृत्त मुख्याध्यापिका. आणि त्या माणसाला सोडा, त्याचा अकराला पेपर आहे.’ हवालदारांची बायको बाईंच्या शाळेतली. त्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं, पुस्तक परत दिलं आणि वही मिटली.

कारखानीस वर गेले ते सरळ खाटेवर बसले. शर्टावर लाल ओघळ, डोळे सुजलेले. ते म्हणाले, ‘हेमा, मी जात नाही. पास झालो तरी काय तोंडाने या जिन्यातून चढू?’

हेमाताईंनी त्यांचं पेन उचललं, शाई बघितली. ‘मला हेडक्लार्क नवरा नकोच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण रोज सकाळी घाबरत घराबाहेर पडणारा माणूस मला एकोणीस वर्षं बघवत नाहीये. आज तुम्ही घाबरला होतात ना? तरी आधी खाली बाईंकडे धावलात. वर नाही पळालात. मी बघितलं. आता उठा.’ एवढं बोलून त्यांनी पेन त्यांच्या खिशाला लावलं आणि तोंड फिरवलं, कारण त्यांना रडू येत होतं.

फाटकाशी शेवंती अजून बसली होती. सकाळपासून एक बोंबील विकला गेला नव्हता. सगळी सोसायटी वर गेली, खाली आली, तरी ती पाटीजवळून हलली नव्हती. कारखानीस मान खाली घालून जाताना ती म्हणाली, ‘दादा, पलायचे आदी वारा बगला का नाय? वारा खाडीवरना येतंय न् कारखान्यांकं जातंय. मंग कारखान्याचा वास तुमचे घरान कसा येल?’

कारखानीस थांबले. त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. समोरच्या गच्चीवरची धोतरं पूर्वेकडे फडफडत होती. खरंच की.

‘आनि खरंच वास आला, त?’ त्यांनी विचारलं. तिच्याशी बोलता बोलता जीभ नकळत तिच्या वळणावर गेली होती.

‘त वाऱ्याला आरवं पलायचं. होडीन धूर झाला त आमी काय डोलकाठीव चरतो?’

पेपरच्या हॉलच्या दारात पर्यवेक्षकांनी प्रवेशपत्र बघितलं, मग चेहरा बघितला. फोटोत शाईची मिशी, समोर नाकाखाली आमसुलाची. हा फोटो तुमचाच कशावरून, असं त्यांनी विचारलं. कुणी ओळखणारं आहे का? दोन बाक सोडून भगवान बसला होता. तो ताडकन उठला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘हो साहेब, आमचे कारखानीस काका. नेहमी असेच घाबरलेले दिसतात.’ सगळा हॉल वळून बघू लागला. कारखानीस आत जाऊन बसले. सकाळी पन्नास माणसांसमोर जे झालं होतं त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं.

पेपर नेहमीइतकाच वाईट होता. बेडकाचे कप्पे आले. जीवनसत्त्वं आली, ती एकमेकांत मिसळली. कारखानीस मनात मार्क मोजत गेले. सुटलेले सगळे बरोबर धरले तरी आकडा तेहतिसाच्या पुढे जाईना. मग शेवटचा प्रश्न आला, दहा मार्कांचा, सविस्तर उत्तराचा: ‘दाट वस्तीत विषारी वायूची गळती झाल्यास नागरिकांनी कोणती दक्षता घ्यावी?’

गाईडातली ओळ पाठ होती, उंच जागी जावे. ती लिहायला पेन टेकलं आणि त्यांना बाईंची खुर्ची आठवली. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली ती घंटा होईपर्यंत. प्रथम वारा कुठून कुठे जातो ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून पाहावे. वायू जड की हलका यापेक्षा तो येतो कुठून हे महत्त्वाचे. वाऱ्याला आडवे चालत दूर जावे. उंच जागी जाण्यापूर्वी तेथे काय चालले आहे याची खात्री करावी. म्हातारी माणसे आधी हलवावीत. जिन्यात टीव्ही ठेवू नये. पिंपभर पाणी नेहमी भरलेले असावे, आमसुलाने डोळे चुरचुरतात. आणि सर्वांत आधी सूचनाफलक वाचावा, त्यावर दुसरा कागद असल्यास तो उचलून वाचावा.

निकाल जूनमध्ये लागला. कारखानिसांना एक्केचाळीस, भगवानला त्रेसष्ट. पण सेवाज्येष्ठतेच्या यादीत कारखानीस वर होते, खुर्ची त्यांचीच झाली. भगवानने पेढे आणले आणि अर्धा मोडून त्यांच्या तोंडात घातला. त्या संध्याकाळी सातला कारखानीस बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, बसा. ते बसले. शेवंतीला त्यांनी सांगितलं की तुझ्यामुळे पास झालो, तर तिने दोन पापलेटं जास्त घातली आणि त्यांचे पैसेही लावले.

बढतीबरोबर नेमणुकीचा कागद आला. कारखानिसांनी तो तीनदा वाचला. नवी शाखा, पाणीपुरवठा. काम, पावसाळ्यात गावोगावच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकवून घेणे आणि साठ्याच्या वहीवर सही करणे. जुनी भीती परत आली, पण नेमणुकीला नाही म्हणायची भीती त्याहून मोठी होती.

पहिलंच गाव खडवलीच्या पलीकडचं. शिपायाने विहिरीत पावडर ओतली आणि तो वास वर आला. कारखानिसांचे पाय आपोआप दोन पावलं मागे सरकले, डोळे उंच जागा शोधू लागले. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायका हंडे घेऊन तशाच मागे सरकल्या. त्यातली म्हातारी रखमाबाई पदर नाकाला लावून म्हणाली, ‘साहेब, ह्यो वास कसला? कय व्हनार नाय ना आमाला?’

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. प्रभात सोसायटीच्या जिन्यात सगळे बघत होते तशाच. कारखानिसांनी हळूच एका झाडाकडे नजर टाकून पानं कुठे हलतात ते पाहिलं, मग पुढे झाले आणि विहिरीच्या काठाला हात टेकून उभे राहिले.

‘काही होणार नाही,’ ते म्हणाले. ‘औषधाचा वास आहे. भिऊ नका.’

हे शब्द ते आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते. बायका पुढे आल्या. रखमाबाईने पदर सोडला आणि हंडा काठावर ठेवला.

परत निघताना त्यांनी शिपायाला विचारलं की पावडर टाकणार म्हणून नोटीस लावली होती ना? कालच लावली, शिपाई म्हणाला. तरी कारखानीस वाट वाकडी करून ग्रामपंचायतीच्या फलकापाशी गेले. नोटीस दिसेना. तिच्यावर कुणीतरी भजनाच्या कार्यक्रमाचा भला मोठा कागद ठोकला होता. कारखानिसांनी इकडे तिकडे पाहिलं, चारही टाचण्या एकेक करून काढल्या, भजनाचा कागद न फाटता बाजूला लावला, आणि खालची नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली. मग ती पालथी करून मागची बाजूही वाचली.